उघडं टोक, मिटलं टोक

पहिली-दुसरीच्या वर्गात < आणि > ही चिन्हं आली की त्यांच्या मागोमाग बहुधा एक मगर येते. मगरीला कडकडून भूक लागलेली असते. एका बाजूला तीन मासे, दुसऱ्या बाजूला सात. ती सातांकडे तोंड वासते. मुलं चिन्हाला दात काढतात, डोळा काढतात आणि ३ < ७ पक्कं लक्षात राहतं. कुठे मगरीऐवजी पाखराची चोच असते. ही युक्ती ज्या कुणा शिक्षकाला पहिल्यांदा सुचली, त्याला लहान मुलं कळत होती.

मग सहावीत ऋण संख्या येतात. फळ्यावर −७ आणि −३ शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि मगर बुचकळ्यात पडते. सात दिसायला मोठे, म्हणून तोंड तिकडे वळतं आणि उत्तर चुकतं. पुढे क्ष येतो. त्यात किती मासे आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं. मगरीला आधी मोठी संख्या दिसावी लागते, मग ती तोंड वळवते. गणितात तर पुष्कळदा चिन्ह आधी दिलेलं असतं आणि संख्या शोधायची असते. अशा वेळी मगरीला निरोप द्यावा आणि नुसत्या चिन्हाकडे नीट पाहावं. ते पाहण्यासारखं आहे, कारण गणितातल्या फार थोड्या चिन्हांनी आपला अर्थ असा उघड्यावर मांडून ठेवला आहे.

बेरजेच्या चिन्हाकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी त्यात बेरीज दिसत नाही. समान चिन्ह मात्र बोलतं. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या वैद्याने आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात ते पहिल्यांदा छापलं. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द दर ओळीत पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा काढल्या आणि कारणही देऊन ठेवलं: याहून सारख्या दोन गोष्टी सापडायच्या नाहीत. पुढच्याच वर्षी तो लंडनच्या तुरुंगात वारला. त्याच्या त्या दोन रेषा आज पृथ्वीवरच्या प्रत्येक शाळेत आहेत.

आता या दोन समांतर रेषांची डावीकडची टोकं एकमेकांजवळ आणा, पार भिडेपर्यंत. समान चिन्हाचं < झालं. उजवीकडची टोकं भिडवली तर > होईल. रेषांमधल्या अंतराकडे पाहा. अंतर जिथे जास्त, तिथे मोठी संख्या. अंतर जिथे मिटलं, तिथे लहान. दोन्हीकडे अंतर सारखं, तर संख्याही सारख्या. < = > ही तीन चिन्हं म्हणजे एकच चित्र तीन अवस्थांत. ही चिन्हं याच विचाराने जन्मली असा माझा दावा नाही, पण हे चित्र डोळ्यांत एकदा बसलं की पाठांतराची गरज संपते.

छापील पानावर < आणि > अवतरली १६३१ साली, लंडनमध्ये, ‘आर्टिस अनॅलिटिकी प्रॅक्सिस’ या लॅटिन ग्रंथात. ग्रंथावर नाव होतं टॉमस हॅरियटचं, आणि हॅरियट जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती. या माणसाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. वॉल्टर रॅलेने धाडलेल्या मोहिमेबरोबर हॅरियट १५८५ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर रोअनोक बेटावर गेला. तिथल्या लोकांची अल्गॉन्क्वियन भाषा तो शिकला आणि तिचे उच्चार कागदावर उतरवता यावेत म्हणून त्याने स्वतः एक लिपी तयार केली. पुढे १६०९ च्या जुलैत त्याने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. प्रकाश पाण्यात किंवा काचेत शिरताना कसा वाकतो याचा नियमही त्याला युरोपात इतरांच्या आधी सापडला होता. यातलं काही त्याने छापलं नाही. त्याच्या हयातीत बाहेर आलं ते त्या मोहिमेतल्या, तेव्हा व्हर्जिनिया म्हटल्या जाणाऱ्या भूमीचं छोटं वृत्त, १५८८ सालचं. बाकी सगळं हस्तलिखितांच्या हजारो पानांत पडून राहिलं. त्याचा एक आश्रयदाता, रॅले, लंडनच्या किल्ल्यात कैदेत, दुसराही तिथेच कैदेत. १६०५ च्या राजाविरुद्धच्या बंदुकीच्या दारूच्या कटानंतर खुद्द हॅरियटलाही काही दिवस तुरुंगात काढावे लागले. अशा काळात माणूस मोजकंच बोलतो.

त्याच्या माघारी वॉल्टर वॉर्नर आणि इतर मित्रांनी कागद चाळून ग्रंथ छापला. हॅरियटच्या हातच्या चिन्हांची वळणं छापील चिन्हांहून थोडी निराळी आहेत, म्हणजे आजच्या नेटक्या रूपात संपादकांचाही वाटा आहे. पण कल्पना त्याची. परक्या भाषेचा आवाज डोळ्यांना दिसावा म्हणून ज्याने अक्षरं घडवली, त्यालाच ‘मोठं’ आणि ‘लहान’ हे नातं डोळ्यांना दिसावं असं वाटलं, यात मला मोठी संगती दिसते.

योगायोग असा की त्याच १६३१ साली विल्यम ऑट्रेडचं ‘क्लाविस मॅथेमॅटिकी’ही बाहेर पडलं. गुणाकाराची फुली ही ऑट्रेडची देणगी. लहान-मोठेपणासाठीही त्याने चिन्हं सुचवली होती: कंसासारखी काटकोनी, एक आडवी रेघ दुसरीपेक्षा लांब. इंग्लंडमध्ये ती शंभरेक वर्षं चालली. त्यांचा दोष इतकाच की कुठलं मोठ्याचं आणि कुठलं लहानाचं हे पाठ करावं लागे; चिन्हाकडे पाहून उत्तर मिळत नसे. हॅरियटचं चिन्ह टिकलं ते या एका गुणावर, असं मला वाटतं.

आणखी एक गंमत. ही दोन चिन्हं आहेत असं आपण समजतो, पण ती खरं तर एकच आहे. काचेच्या तावदानावर ३ < ७ लिहा आणि पलीकडे जाऊन पाहा: सात डावीकडे, तीन उजवीकडे, आणि चिन्ह > झालेलं. वस्तुस्थिती तीच, फक्त उभं राहायची जागा बदलली. म्हणून कुणी ठरवलंच तर आयुष्यभर एकट्या < वर भागू शकतं. त्याचा फायदाही आहे. नेहमी < वापरलं की कागदावरचा क्रम आणि संख्यारेषेवरचा क्रम एकच होतो: डावीकडची संख्या खरोखर डावीकडे. −७ < −३ लिहिताना मग मासे मोजावे लागत नाहीत. संख्यारेषेवर आधी कोण लागतं तेवढं पाहायचं.

वाचताना मात्र सांभाळावं लागतं. चिन्ह दोन संख्यांच्या मधोमध, आणि आपलं वाक्य ‘तीन ही सातपेक्षा लहान’ असं शेवटच्या शब्दावर उलगडतं. नजर उजवीकडे जाऊन परत मध्यावर येते. या ये-जामध्ये मुलांची गफलत होते. सोपा उपाय असा: कर्ता नेहमी डावीकडची संख्या, आणि तिला चिन्हाचं कुठलं टोक लागलं आहे ते बघायचं. मिटलेलं असेल तर ती लहान, उघडं असेल तर मोठी.

आता चिन्हाखाली एक रेघ येते: ≤ आणि ≥. ‘लहान किंवा समान’, ‘मोठी किंवा समान’. इथे हुशार मुलंही अडखळतात. ३ ≤ ५ हे विधान खरं आहे का? तीन आणि पाच समान तर नाहीत! पण ‘किंवा’ दोन्ही अटी मागत नाही, एक पुरली की विधान खरं. ३ ≤ ३ हेही म्हणून खरंच. रेघ म्हणजे अर्धं समान चिन्ह चिन्हाच्या पायाशी ठेवलेलं. ‘बरोबरीला आलात तरी आत या’ एवढंच ती सांगते.

रोजच्या जगात आपण याच रेघेवर उभे असतो. मतदानाला किमान १८ वर्षं: वय ≥ १८, म्हणजे नेमकी अठरा पूर्ण झालेल्यालाही मत आहे. दहावीत उत्तीर्ण व्हायला कमीत कमी ३५ गुण: गुण ≥ ३५. शाब्दिक उदाहरणांत मुलं सर्वांत जास्त इथे चुकतात, कारण ‘कमीत कमी’ ऐकलं की हात आपोआप ‘लहान’च्या चिन्हाकडे जातो. अशा वेळी एखादी संख्या घालून बघावी. ४० गुण चालतील का? चालतील. मग उघडं टोक गुणांच्या बाजूला. आणि ३५ तंतोतंत चालतील का? चालतील. मग खाली रेघ. चाळिशीने दिशा सांगितली, पस्तिशीने रेघ. ज्या मुलाचे नेमके ३५ आले आहेत, त्याचं वर्ष त्या एका रेघेवर तोललेलं असतं.

ही रेघ लगेच खाली आलेली नाही. १६७० मध्ये इंग्लंडच्या जॉन वॉलिसने ती चिन्हाच्या डोक्यावर ठेवली होती. खाली आणली ती फ्रान्सच्या प्येर बूगेने, १७३४ मध्ये, आणि त्याने एकाऐवजी दोन रेघा दिल्या, म्हणजे सबंध समान चिन्हच. हा बूगे पुढच्याच वर्षी जहाजात बसून पेरूला, आजच्या एक्वाडोरच्या भागात, गेला. कशासाठी, तर एका लहान-मोठेपणाच्या प्रश्नासाठी! पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे असं न्यूटन म्हणत होता. ती ध्रुवांकडे लांबुडकी आहे असं फ्रान्समधल्या कासिनी घराण्याचं मोजमाप सांगत होतं. रेखावृत्ताचा एक अंश विषुववृत्तापाशी लांब की ध्रुवाजवळ? एक तुकडी बर्फाळ लॅपलंडला गेली, दुसरी विषुववृत्तावरच्या अँडीज पर्वतात. बूगे परतला जवळजवळ दहा वर्षांनी. उत्तर असं की ध्रुवाजवळचा अंश लांब, न्यूटन बरोबर. एका चिन्हाचं तोंड कुठल्या बाजूला वळवायचं, यासाठी माणसांनी आयुष्यातली दहा वर्षं दिली.

वॉलिसचं नाव आलं आहे तर त्याची एक मोठी गोष्ट सांगायलाच हवी. वॉलिस ऑक्सफर्डचा प्राध्यापक, अनंताचं ∞ हे चिन्ह त्यानेच दिलं. त्याने असा विचार केला: छेद लहान होत गेला की अपूर्णांक मोठा होत जातो. १/३ पेक्षा १/२ मोठा, १/२ पेक्षा १/१ मोठा. छेद शून्यावर नेला तर अनंत. आणि शून्याच्याही खाली, उणे एकवर नेला तर? छेद आणखी लहान झाला, मग अपूर्णांक अनंताहूनही मोठा व्हायला हवा! म्हणजे ऋण संख्या शून्याहून लहान आणि अनंताहून मोठ्या. त्याच शतकात फ्रान्सच्या आंत्वान आर्नोलाही ऋण संख्यांनी छळलं. १ चं −१ शी जे गुणोत्तर तेच −१ चं १ शी, दोन्हींचं उत्तर −१. मोठ्याचं लहानाशी जे नातं, तेच लहानाचं मोठ्याशी कसं असेल? हा प्रश्न फाजील नव्हता. लायब्निझलाही त्याचं वजन मान्य करावं लागलं. सहावीतलं मूल −७ आणि −३ पाहून थबकतं तेव्हा ते युरोपातल्या उत्तम डोक्यांच्या रांगेत उभं असतं.

गाठ सुटते ती असमानतेच्या एका विलक्षण वागणुकीने: दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटतं. हा नियम शाळेत हुकमासारखा येतो, आणि तसा तो येऊ नये, कारण तो दोन ओळींत स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. ३ < ५ घ्या. दोन्ही बाजूंतून ८ वजा करा. सारखंच वजा केल्याने लहान-मोठेपणा बदलत नाही. राहिलं −५ < −३. काय झालं पाहा. पाच होता तिथे −३ आला, तीन होता तिथे −५. म्हणजे ३ आणि ५ यांना उणे केलं आणि त्यांनी जागा बदलल्या. चिन्ह कुणी उलटवलं नाही; संख्याच एकमेकींना ओलांडून गेल्या. संख्यारेषेवर तर हे दिसतंच: उणे एकने गुणणं म्हणजे सगळी रेषा शून्याभोवती अर्धं वर्तुळ फिरवणं. मग डावीकडचे उजवीकडे जाणारच. वॉलिसची शिडी तुटली ती इथे. छेद धन असेतोवर त्याचं म्हणणं खरं होतं. शून्य ओलांडताच चिन्ह फिरलं आणि त्याचं लक्ष गेलं नाही. पुढे १६८५ च्या ग्रंथात मात्र त्याच वॉलिसने एका सरळ रेषेवर चालणारा माणूस कल्पिला, पाच यार्ड पुढे आणि आठ यार्ड मागे. माणूस निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागे, म्हणजे −३ वर पोहोचतो. आज शाळेत काढतो ती संख्यारेषा जवळजवळ हीच.

या उलटण्याच्या नियमाने एक दारही बंद केलं आहे. जिचा वर्ग −१ येतो ती संख्या घ्या, अकरावीत संमिश्र संख्यांच्या धड्यात भेटते ती. ती शून्याहून मोठी की लहान? मोठी मानली तर दोन्ही बाजूंना तिनेच गुणा: चिन्ह तसंच राहतं आणि −१ > ० असं येतं. खोटं. मग लहान मानू. आता ऋण संख्येने गुणतो आहोत, चिन्ह उलटतं, आणि पुन्हा −१ > ० च येतं. तेही खोटं. शून्य तर ती नाहीच. म्हणजे ती मोठी नाही, लहान नाही, समानही नाही! गणितात हजार कामं करणाऱ्या या संख्यांना एका रांगेत उभं करण्याचा सगळ्या नियमांना मानवेल असा मार्गच नाही. लहान-मोठेपणा हा प्रत्येक गोष्टीला जन्मतः चिकटलेला गुण आहे ही आपली समजूत इतक्या छोट्या युक्तिवादाने कोसळावी, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

दुसरा धक्का फाशांचा. अ > ब आणि ब > क असेल तर अ > क, हे आपण न विचारता धरून चालतो. संख्यांसाठी ते खरंही आहे. आता अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रनचे चार फासे घ्या. पहिल्यावर चार बाजूंना ४ आणि दोन बाजूंना ०. दुसऱ्याच्या सहाही बाजूंना ३. तिसऱ्यावर दोन बाजूंना ६, चार बाजूंना २. चौथ्यावर तीन बाजूंना ५ आणि तीन बाजूंना १. पहिला दुसऱ्याला हरवतो, सरासरी तीन डावांत दोनदा. दुसरा तिसऱ्याला त्याच प्रमाणात. तिसरा चौथ्याला, तेच प्रमाण. आणि चौथा? तो पहिल्याला हरवतो, पुन्हा तीनांत दोनदा. कागद-पेन्सिल घेऊन छत्तीस शक्यता मोजून पाहा, पटेपर्यंत मोजा. ‘हरवतो’ हे नातं ‘मोठा’सारखं दिसतं, पण ते वर्तुळात फिरतं. खेळाडूंची, महाविद्यालयांची, शहरांची क्रमवारी वाचताना मला हे फासे आठवतात.

संगणकाने या चिन्हांना आधी त्रास दिला, मग मान दिला. १९५७ च्या फोरट्रान भाषेत < आणि > नव्हतीच, कारण पंचकार्डं टोचणाऱ्या यंत्रांवर ती नव्हती; तिथे आकडेमोडीचं उत्तर ऋण, शून्य की धन एवढं पाहून यंत्र तीनांपैकी एका वाटेने जाई. १९६३ च्या ‘आस्की’ संकेतावलीत मात्र < ला ६०, = ला ६१ आणि > ला ६२ हे क्रमांक मिळाले. तिघं भावंडं शेजारी शेजारी, समान चिन्ह मधोमध. आणि सी भाषेत ३ < २ < १ हे विधान चक्क खरं ठरतं: आधी ३ < २ तपासलं जातं, ते खोटं म्हणून ०, मग ० < १, ते खरं. यंत्रासाठी प्रत्येक < हा एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही.

आता ज्या कारणासाठी मला हे चिन्ह सगळ्यांत जास्त प्रिय आहे त्याकडे येतो. समान चिन्ह सापडलेलं उत्तर सांगतं. जे उत्तर पूर्णपणे कधीच हाती लागणार नाही, त्याला वेढा घालायचं काम < करतं.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, सिराक्यूज नगरीत आर्किमिडीजने वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट, हे शोधायला घेतलं. त्याने वर्तुळाच्या आत एक षट्कोन बसवला आणि बाहेर एक. आतल्याची परिमिती परिघाहून कमी, बाहेरच्याची जास्त. मग बाजू दुप्पट केल्या: १२, २४, ४८, ९६. दर पावलाला आतली आणि बाहेरची भिंत जवळ सरकली. शेवटी निघालं ते असं, आजच्या चिन्हांत: ३ १०/७१ < पाय < ३ १/७. दोन भिंतींमधलं अंतर बरोबर १/४९७. त्याच्याजवळ हे चिन्ह नव्हतं, दशमान अंकही नव्हते. सगळं ग्रीक अक्षरांनी दाखवलेल्या संख्यांत आणि वाक्यांत. वाटेत ३ चं वर्गमूळ लागलं, तर त्यालाही त्याने दोन भिंतींत धरलं: २६५/१५३ हून मोठं, १३५१/७८० हून लहान. आणि सगळ्यांत अवघड शिस्त अशी की आतली भिंत बांधताना प्रत्येक वर्गमूळ, प्रत्येक भागाकार फक्त एकाच दिशेने ढकलायचा. सोयीचं म्हणून एकदा जरी दुसरीकडे ढकललं तरी भिंत ढासळली.

आपण शाळेत ज्या २२/७ ने वर्तुळाची उदाहरणं सोडवतो, ती म्हणजे आर्किमिडीजची बाहेरची भिंत, ३ १/७. आर्यभटाने ४९९ मध्ये ६२८३२/२०००० हे मूल्य दिलं आणि त्याला स्वतःच ‘आसन्न’, म्हणजे जवळ पोहोचलेलं, म्हटलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त २२/७ ला स्थूल आणि ३९२७/१२५० ला सूक्ष्म ठरवलं. ही सूक्ष्म मूल्यं २२/७ पेक्षा पायच्या कितीतरी जवळ आहेत, आणि गणना करणाऱ्याला ती जास्त उपयोगी. आर्किमिडीजच्या कामात वेगळा आनंद आहे: खरी संख्या या दोन भिंतींच्या बाहेर असूच शकत नाही, याची त्याने हमी दिली आहे.

अशीच एक हमी मिळायला चार शतकं लागली. जहाजावर तोफगोळे रचतात. ढिगात गोळे किती आणि ते कसे रचावेत, असं रॅलेने हॅरियटला विचारलं होतं. हॅरियटने गोळे मोजायची रीत काढली आणि तो विषय खगोलज्ञ योहानेस केप्लरबरोबरच्या पत्रव्यवहारात पुढे सरकला. १६११ मध्ये केप्लरने हिमकणावरच्या छोट्या पुस्तकात म्हणून ठेवलं की फळवाला संत्र्यांचा मनोरा रचतो त्याहून दाट रचना होऊच शकत नाही. त्या मनोऱ्यात गोळे सुमारे ७४.०५ टक्के जागा भरतात. म्हणजे विधान असं: कुठल्याही रचनेची घनता ≤ ७४.०५ टक्के. प्रत्येक फळवाल्याला ठाऊक असलेली ही गोष्ट सिद्ध करायला अतोनात कठीण निघाली, कारण वेड्यावाकड्या, अनियमित रचना अगणित आणि त्या प्रत्येकीसाठी ≤ खरं ठरायला हवं. १८३१ मध्ये गाऊसने नियमित रचनांपुरतं ते सिद्ध केलं. १९९८ मध्ये टॉमस हेल्सने सॅम्युएल फर्ग्युसनच्या साथीने संगणक वापरून सगळ्या रचनांसाठी सिद्धता मांडली. ती तपासायला बारा परीक्षक बसले, आणि काही वर्षांनी ते म्हणाले की आम्हाला ९९ टक्के खात्री आहे. हेल्सला ती एक टक्का उणीव बोचली. त्याने सहकारी गोळा केले आणि सिद्धतेची पायरी न् पायरी यंत्राकडून तर्काच्या मूळ नियमांवर तपासून घ्यायला घेतली. काम संपलं १० ऑगस्ट २०१४ रोजी.

काही वेढे अजून आवळले जात आहेत. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा दोनच्या फरकाच्या जोडमूळ संख्या अनंत आहेत का, हे कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशर विद्यापीठात शिकवणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या आणि फारशा कुणाला माहीत नसलेल्या यितांग झांगने सिद्ध केलं की ज्यांच्यातलं अंतर ७ कोटींहून कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या तरी अनंत आहेतच. दोनच्या मानाने सात कोटी म्हणजे केवढं! पण तोवर कुठलीच ठाम मर्यादा नव्हती. सात कोटी ही पहिली भिंत. जगभरचे गणिती तिला ढकलायला धावले. जेम्स मेनार्डने नव्या वाटेने ती ६०० वर आणली, आणि २०१४ मध्ये अनेकांनी मिळून अंतर ≤ २४६ इथवर. पुढची २४४ पावलं बाकी आहेत.